गुरुवारची लाळ

त्या गुरुवारीही स्टेफा हावरिलुक दात न घासता कामावर आली. विनिपेगच्या डेंटल कॉलेजात केस पिकेपर्यंत सेक्रेटरीचं काम केलेल्या बाईनं असं करावं, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर दात घासणाऱ्या हसऱ्या बीव्हरचं चित्र होतं, आणि ते तिनंच हौसेनं लावलं होतं. पण गुरुवारी त्या बीव्हरकडे पाठ फिरवून बसण्यावाचून तिला इलाज नव्हता. गुरुवार हा तिचा थुंकायचा दिवस होता.

याला कारण मार्लिस पेनर. मार्लिस स्टाइनबाकची, मेनोनाइट पंथाच्या घरातली, नाकासमोर चालणारी मुलगी. डेंटिस्ट झालेलीच होती, वरची पदवी घ्यायला पुन्हा कॉलेजात आली होती. दातावर बसवायच्या पोर्सेलीनच्या कॅपवरून शेवटचा हात कसा फिरवला म्हणजे तिच्यावर जंतू कमी चिकटतील, हा तिचा विषय. त्यासाठी नाण्याएवढ्या पोर्सेलीनच्या चकत्या करायच्या. काही भट्टीत घालून झिलई चढवलेल्या, काही रबराच्या चाकावर घासून चकचकीत केलेल्या, काही नुसत्या दगडानं खरवडून खडबडीत सोडलेल्या. मग त्या ताज्या लाळेत बुडवायच्या, उबेच्या कपाटात ठेवायच्या, धुवायच्या, आणि एवढं करूनही जे जंतू चिकटून राहिले त्यांना काचेच्या बशीत वाढवून त्यांचे ठिपके मोजायचे. खडबडीत चकतीवर ठिपके जास्त, गुळगुळीतवर कमी, हे तर उघडच होतं. पण किती कमी, आणि झिलई चांगली की घासणं चांगलं, यावर तेव्हा मोठमोठी माणसं तावातावानं भांडत असत.

लाळ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाची हवी होती. माणूस बदलला की तोंडातले जंतू बदलतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मार्लिसनं स्टेफाला विचारलं, कारण स्टेफाला नाही म्हणता येत नाही हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

"आदल्या रात्रीपासून ब्रश करायचा नाही, मिसेस हावरिलुक. सकाळी काही खायचं-प्यायचं नाही. दहा वाजता मेणाची गोळी चघळायची आणि या नळीत थुंकायचं. झालं."

"आणि हे लोकांना सांगणार तू?"

"छे. लाळ कोणाची हे फक्त मला माहीत असणार. नियमच आहे तसा. डॉक्टर ऑलिफंटनासुद्धा सांगायचं नाही."

"मग चालेल. चर्चमधल्या बायकांना कळलं तर पेरोगीच्या करंज्या वळताना मला शेजारी बसवून घेणार नाहीत."

पानगळीच्या दिवसांत सगळं अगदी शिस्तीत चाललं. स्टेफा थुंकायची, चकत्या बुडायच्या, सोमवारी बशीत ठिपके उगवायचे. खडबडीत चकतीची बशी पाहून मार्लिसला भरून यायचं. "काय सुंदर वाढ आहे," ती म्हणायची, आणि स्टेफाला, का कोण जाणे, आपल्या बागेतल्या टोमॅटोंचं कोणी कौतुक केल्यासारखं वाटायचं.

मग आला नाताळ, आणि नाताळच्या पार्टीत सिगी ब्योर्नसननं स्टेफाला पोल्का नाचायला विचारलं.

सिगी तळघरातला. कॉलेजात जेवढ्या कॅप आणि कवळ्या बनत त्या त्याच्या हाताखालून जात, आणि मार्लिसच्या चकत्याही तोच करत असे. मूळचा गिमलीचा आइसलँडी, उंच, अबोल, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पांढऱ्या भुवयांवर कायम पोर्सेलीनची धूळ असायची, त्यामुळे भुवया खरंच पांढऱ्या आहेत की नाहीत यावर मुलं पैज लावत. फार पूर्वी स्टेफा कॉलेजच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली होती आणि तिचा पुढचा दात तुटला होता. त्यावरची कॅप सिगीनंच केली होती. ती इतकी बेमालूम होती की त्यातला खोटा दात कोणता हे पुढे स्टेफाचं तिलाच आठवेना.

नवीन वर्ष लागलं आणि चकत्या वर येण्याची पद्धत बदलली. आधी त्या ट्रॉलीवरून यायच्या. आता सिगी त्या स्वतःच्या हातानं आणून स्टेफाच्या टेबलावर ठेवू लागला. सोबत रुमालात बांधलेला विनार्टेर्टाचा तुकडा. हा त्यांच्याकडचा आलुबुखाऱ्याच्या थरांचा केक, गिमलीची त्याची बहीण करून पाठवायची. आणि हे सगळं नेमकं गुरुवारी, साडेनऊला.

"बहीण विचारत होती, कसा झालाय," सिगी म्हणायचा.

स्टेफा तोंडावर हात धरून म्हणायची, "नंतर खाते हं, मिस्टर ब्योर्नसन."

दुसरं काय म्हणणार? पोटात काही घ्यायचं नाही, कारण सांगायचं नाही, आणि तोंड तर काल रात्रीपासून घासलेलं नाही. असलं तोंड घेऊन साठीच्या विधवेनं एका सभ्य माणसाशी चार शब्द बोलायचे तरी कसे? तेव्हा स्टेफानं आपला मार्ग काढला. तिच्या हिरडीच्या दुखण्यावर कॉलेजच्या दवाखान्यातून मिळालेली एक गुलाबी औषधाची बाटली घरी होती. मार्लिसनं ब्रश करायचा नाही असं सांगितलं होतं. खायचं-प्यायचं नाही असंही सांगितलं होतं. चूळ भरायची नाही असं कोणीच सांगितलं नव्हतं. आणि चूळ तर थुंकूनच टाकायची, लाळ त्यानंतर नवीच येते, असा तिचा हिशेब होता. ती बुधवारी रात्री एकदा, गुरुवारी सकाळी एकदा आणि बसमधून उतरल्यावर कॉलेजच्या प्रसाधनगृहात आणखी एकदा, अशी मनापासून चूळ भरू लागली.

पुढच्या सोमवारी मार्लिसनं बश्या बाहेर काढल्या. ठिपका नाही. गुळगुळीत चकतीच्या बशीत नाही, झिलईवाल्या बशीत नाही, खडबडीतच्याही नाही. सगळ्या बश्या धुऊन पुसून कपाटात लावल्यासारख्या स्वच्छ.

मार्लिसनं पहिला संशय घेतला तो सिगीचा. तो घेण्यासारखाच होता. आयुष्यभर ज्यानं पोर्सेलीन चमकवलं, त्याच्या हातून खडबडीत चकती खडबडीत कशी सुटेल? ती तळघरात गेली.

"मिस्टर ब्योर्नसन, रागावू नका. पण या खडबडीत चकत्यांवरून तुम्ही चुकून चाक तर नाही ना फिरवलं?"

सिगीनं चष्मा काढला. "चुकून?"

"म्हणजे सवयीनं. नकळत."

"पेनर बाई, कॅपची बाहेरची बाजू मी घासतो. आतली बाजू कधी घासत नाही. ती खरखरीतच ठेवायची असते, नाहीतर सिमेंट धरत नाही आणि कॅप सूपमध्ये पडते. ती बाजू मी तुमच्या जन्माच्या आधीपासून खरखरीत ठेवत आलोय. तेव्हा ते मला शिकवू नका."

"मी शिकवत नाहीये हो."

"अजून खरखरीत हव्यात? देतो."

आणि त्यानं दिल्या. पुढच्या गुरुवारी ज्या चकत्या वर आल्या त्यांच्यावर स्टेफानं बोट फिरवलं आणि मोजा फाटावा तसं बोटाचं सालपट निघालं. ठिपके आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी सिगीनं अशा चकत्या पाठवल्या की त्यांच्यावर गाजर किसता आलं असतं. बश्या तशाच स्वच्छ. या चकत्या तो आता घेऊन येत नव्हता, ट्रॉलीवरूनच पाठवत होता, कारण त्याला मार्लिसचा राग आला होता. निदान तो तसं म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. तीन तुकडे केक आणूनही बाई तोंडावरचा हात काढत नाही, खात नाही, हसत नाही, दोन वाक्यांत बोलणं उरकते, म्हणजे तिला हे आवडलेलं नाही एवढं समजायला त्याला कोणाची मदत नको होती.

इकडे स्टेफाच्या लक्षात आलं की सिगी येईनासा झालाय. तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. माणूस लांब राहू लागला म्हणजे तोंडाला वास येत असणार. आता ती रोज चूळ भरू लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बाटली संपली तेव्हा दवाखान्यातल्या एका मुलाला गोड बोलून तिनं दुसरी आणली.

मार्च उजाडला तरी रेड नदीवरचा बर्फ हलला नव्हता आणि मार्लिसचं कामही. मे महिन्यात तिला परीक्षक मंडळापुढं उभं राहायचं होतं. उत्तरेकडे, पार फ्लिन फ्लॉनच्याही पलीकडं, एका खाणीच्या गावानं तिच्यासाठी दवाखाना बांधून ठेवला होता. तिथं महिन्यातून एकदा विमानानं एक डॉक्टर यायचा आणि हॉटेलच्या खोलीत दुपारभर लोकांचे दात उपटून परत जायचा. मार्लिस जूनमध्ये पोचली तर दवाखाना तिचा. नाही पोचली तर गाव दुसरा कोणीतरी शोधणार, आणि दुसरं कोणी मिळेपर्यंत पुन्हा हॉटेलची खोली. पदवीशिवाय जाता येणार नव्हतं, आणि ठिपक्यांशिवाय पदवी नव्हती.

तिनं उबेचं कपाट बदललं. बश्या बदलल्या. जंतूंना खायला घालायचा गोड रस्सा नव्यानं उकळला. धुवायचं पाणी दुसऱ्या नळाचं घेतलं. लाळेवर मात्र तिचा संशय जाईना, कारण ती लाळ पानगळीत किती गुणी निघाली होती हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी एकदा तिनं विचारून पाहिलं.

"मिसेस हावरिलुक, तुम्ही काही वेगळं खाता का हल्ली?"

"मी? लेंट चालू आहे पोरी. मांस नाही, लोणी नाही. कोबी आणि बटाटे."

"औषधं? गोळ्या?"

"गोळी मी आयुष्यात घेतली नाही," स्टेफा अभिमानानं म्हणाली, आणि ते खरं होतं.

एके दिवशी सिगी रिकामी ट्रॉली न्यायला वर आला आणि स्टेफाच्या टेबलापाशी त्याचा बांध फुटला. तो एरवी आठवड्यात बोलत नसे एवढं एका दमात बोलला.

"सगळे माझ्या चकत्यांकडे बोट दाखवतात. त्या लाळेबद्दल कोणी बोलतं का? कोण आहे हा माणूस? काय आहे त्याच्या तोंडात? मी कवळीचा साचा तयार केला तर त्याच्यावर सुद्धा चार जंतू बसतात. या माणसाच्या तोंडात एक नाही. जिवंत आहे का तो?"

स्टेफा तोंडावर हात ठेवून टाइपरायटरकडे बघत राहिली. "असेल हो."

"मला तर वाटतं शवागारातून आणतात."

"असं नये म्हणू, मिस्टर ब्योर्नसन. त्या माणसाला वाईट वाटेल."

"वाटायलाच पाहिजे. एका पोरीचं वर्ष घालवतोय तो."

ट्रॉली घेऊन तो निघून गेला. स्टेफानं प्रसाधनगृहात जाऊन थोडं रडून घेतलं, आणि मग, तोंड खराब वाटायला लागलं म्हणून, चूळ भरली.

शेवटी विभागप्रमुख डॉक्टर ऑलिफंट मदतीला धावले. डॉक्टर उमदे गृहस्थ. शाळेतल्या मुलांनी दात कसे घासावेत यावरचं त्यांचं व्याख्यान अख्ख्या मॅनिटोबानं ऐकलं होतं, आणि बीव्हरचं ते चित्र त्यांच्याच कल्पनेतून निघालं होतं.

"मार्लिस, दोषी चकत्या की लाळ, हे एकदाच ठरवून टाकू. या खेपेला माझी लाळ घे."

"पण डॉक्टर, लाळ कोणाची हे गुप्त ठेवायचं असतं."

"माझ्या लाळेत लपवण्यासारखं काय आहे?"

त्या सोमवारी मार्लिसनं कपाट उघडलं आणि पुन्हा लावलं. मग दीर्घ श्वास घेऊन परत उघडलं. खडबडीत चकतीच्या बशीत ठिपके मोजायची सोय नव्हती, ठिपक्यांमध्ये बशीच दिसत नव्हती. झिलईवाली तशीच. आरशासारख्या चकतीच्या बशीतसुद्धा एवढं पीक आलं होतं की झाकण किंचित उचलल्यासारखं वाटत होतं. बातमी तळघरापर्यंत जायला कॉफीच्या सुट्टीएवढाही वेळ लागला नाही.

"मला ब्रश न करायला सांगितलं होतं," डॉक्टर ऑलिफंट म्हणाले.

"हो, डॉक्टर."

"एकाच रात्रीचं आहे हे."

"हो, डॉक्टर."

"बशी आधीच खराब असू शकते."

"शक्य आहे, डॉक्टर."

त्या दिवसापासून त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी टूथब्रश दिसू लागला. त्यावर कोणी काही बोललं नाही; आमचं कॉलेज तेव्हा तसं होतं. पण चकत्या निर्दोष आहेत एवढं सिद्ध झालं. सिगी दोन दिवस शीळ घालत होता. मार्लिसला मात्र आता रडूच फुटायचं बाकी होतं, कारण दोष लाळेचा असला तरी पानगळीतलं सगळं काम त्याच लाळेवर उभं होतं. ती बदलायची तर पहिल्यापासून सुरुवात, आणि मे तर उंबरठ्यावर आलेला. शिवाय हे तिनं कोणापाशी बोलायचंही नव्हतं.

गाठ सुटली ती भलत्याच ठिकाणाहून. एका सकाळी स्टेफा घरी आरशासमोर लिपस्टिक लावत होती. नाताळनंतर तिनं स्वतःचे दात नीट असे पाहिलेच नव्हते. गेले दोन-तीन महिने ती तोंड मिटूनच वावरत होती. पाहते तर पुढचा एक दात बाकीच्यांहून वेगळा दिसतोय. पांढराफटक. जुन्या कुंपणात एकच नवीन फळी ठोकावी तसा. आता तिला आठवलं, खोटा दात तो हा. म्हणजे सिगीच्या कॅपचा रंग उडाला होता.

स्वतःहून त्याच्याशी बोलायला एक कारण मिळालं, याचं तिला थोडं बरंच वाटलं. कॉफीच्या सुट्टीत ती धीर करून त्याच्या टेबलापाशी गेली. डॉक्टर ऑलिफंट आणि मार्लिस शेजारीच बसले होते.

"मिस्टर ब्योर्नसन, तक्रार नाही, पण तुमचा दात फिका पडलाय."

सिगीचा कप अर्ध्या वाटेत थांबला. आधी चकत्या, आता हे. "माझा दात?"

"तुम्ही केलेला. पूर्वी ओळखू यायचा नाही, आता दुरून दिसतो."

"पोर्सेलीनचा रंग जात नाही, मिसेस हावरिलुक. माणूस जातो, पोर्सेलीन तसंच राहतं. दाखवा."

"इथं?"

"इथंच. तक्रारही इथंच केलीत."

स्टेफानं हात खाली घेतला आणि ओठ वर केला. सिगी वाकला. त्यानं खिशातून दातांच्या रंगांची पट्टी काढली. ती त्याच्या खिशात असायचीच, लग्नकार्यातसुद्धा. एक नमुना तिच्या दाताला लावून पाहिला, दुसरा लावला.

"माझा जिथल्या तिथं आहे," तो म्हणाला. "बाकीचे सगळे काळवंडलेत. एवढा चहा पिता?"

"चहा मला आवडत नाही."

आता डॉक्टर ऑलिफंटना राहवेना. ते शेवटी डेंटिस्ट होते. "बघू, बघू. जरा उजेडाकडे. अहो, हे चहाचे नाहीत. हे आपल्या गुलाबी औषधाचे डाग आहेत. दातांवर बसतात, झिलईवर बसत नाहीत. हिरडीचं दुखणं कधी झालं होतं तुम्हाला? नाताळाआधी ना? पंधरा दिवस घ्यायचं असतं ते."

"नुसती चूळ भरायचं औषध आहे, डॉक्टर. पुदिन्याचा वास येतो म्हणून मी आपलं..."

"पुदिना चवीपुरता. एकदा चूळ भरलीत की ते तोंडात दिवसभर चिकटून बसतं आणि जंतूंना डोकं वर काढू देत नाही. किती वेळा घेता?"

"सकाळी. दुपारी. बसमधून उतरल्यावर."

मार्लिसच्या हातातला डोनट कॉफीत पडला. तिचं तोंड उघडलं आणि नियम आठवून तसंच मिटलं. ती स्टेफाकडे बघू लागली. मग सिगीकडे, मग छताकडे. चेहरा असा की तिला एकाच वेळी नाचायचंय आणि शिंकायचंय.

स्टेफा मूर्ख नव्हती. मार्लिसचा चेहरा, डॉक्टरांचं वाक्य आणि त्या कोऱ्या बश्या यांची मनातल्या मनात सांगड घालायला तिला एक घोटही लागला नाही. ती हळूच खुर्चीवर बसली.

"पोरी," ती म्हणाली, "चूळ भरायची नाही असं तू म्हणाली नव्हतीस गं."

मार्लिस कसंबसं म्हणाली, "मिसेस हावरिलुक, इथं नका बोलू. नियम आहे."

"खड्ड्यात गेला तो नियम. तुझं वर्ष मी घालवलंय." तिनं सिगीकडे न बघता सांगून टाकलं. "ती लाळ माझी आहे, मिस्टर ब्योर्नसन. शवागारातली नाही."

सिगीनं रंगांची पट्टी खाली घेतली.

"गुरुवारी?" सिगीनं विचारलं.

"दर गुरुवारी. म्हणून केक खाता यायचा नाही."

"आणि तोंडावर हात?"

"दात घासलेले नसायचे ना. मग तुम्ही यायचात. मग मी चूळ भरायची." तिला वाटलं आता तो हसेल. "हसा."

सिगी हसला नाही. त्यानं रंगांची पट्टी घडी करून खिशात ठेवली, कप धुऊन जागेवर ठेवला आणि तळघरात निघून गेला. स्टेफाला वाटलं, संपलं.

पण मार्लिसचं काम नुकतं सुरू झालं होतं. तिनं गुलाबी बाटली जप्त केली, आणि ते औषध अंगातून पुरतं निघून जावं म्हणून दोन आठवडे वाट पाहिली. तेवढ्या दिवसांत डॉक्टर ऑलिफंटनी स्वतः स्टेफाच्या दातांवरचे डाग साफ करून दिले. काम करता करता ते आपल्या बशीबद्दल सारवासारव करत होते, आणि तोंडात यंत्र असल्यामुळं स्टेफाला सगळं ऐकून घ्यावं लागलं.

मग तो गुरुवार आला. स्टेफा बुधवार रात्रीपासून ब्रश न करता, चूळ न भरता, उपाशी, स्वतःचाच श्वास टाळत टेबलाशी बसली होती. मार्लिसला तिनं बजावलं होतं, चकत्या ट्रॉलीवरूनच येऊ देत. साडेनऊला पाहते तर सिगी हातात ट्रे घेऊन दारात उभा.

"तिथंच थांबा, मिस्टर ब्योर्नसन. पुढं येऊ नका."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

सिगी पुढं आला. ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून अगदी समोर बसला. स्टेफाला एकदम लसणाचा वास आला. लसूण, कांदा, आणि खारवलेल्या माशासारखं काहीतरी.

"मीपण काल सकाळपासून ब्रश केलेला नाही," तो म्हणाला. "रात्री लसणाचं सॉसेज खाल्लं. सकाळी बहिणीनं पाठवलेला सुका मासा खाल्ला. बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहिली."

"अहो पण कशाला?"

"तुम्ही एकट्यानंच का म्हणून?"

स्टेफानं तोंडावरचा हात हळूहळू खाली घेतला. ते दोघं दहा वाजेपर्यंत गप्पा मारत बसले. डॉक्टर ऑलिफंट पत्र सांगायला म्हणून आत आले, दोन पावलं मागं सरले, म्हणाले, "नंतर येतो," आणि जाता जाता त्यांनी खिशातला टूथब्रश चाचपून पाहिला.

सोमवारी मार्लिसनं स्टेफाला कपाटापाशी बोलावलं. खडबडीत चकतीची बशी ठिपक्यांनी फुलून आली होती. झिलईवालीत कमी. रबराच्या चाकावर नीट घासलेलीत जवळजवळ तेवढेच, थोडे कमीच. मार्लिस बशी उजेडाकडे धरून बघतच राहिली.

"काय सुंदर वाढ आहे," शेवटी स्टेफाच म्हणाली.

मे महिन्यात मार्लिस परीक्षक मंडळापुढं उभी राहिली. एका परीक्षकानं विचारलं की जानेवारी ते मार्च असा मोठा खंड का पडला. मार्लिस म्हणाली की लाळ देणाऱ्या व्यक्तीची तोंडाची स्वच्छता त्या काळात असामान्य होती. अध्यक्षांच्या खुर्चीवर डॉक्टर ऑलिफंट बसले होते. ते घाईघाईनं म्हणाले की या मुद्द्यात फार खोल जायची गरज नाही. मार्लिस पास झाली. बाहेर बाकावर स्टेफा आणि सिगी विनार्टेर्टा घेऊन वाट बघत बसले होते. वाट बघता बघता निम्मा संपला होता.

जूनमध्ये मार्लिस उत्तरेला गेली. बस स्टँडवर तिला निरोप देऊन परतताना सिगीनं खिशातून रुमाल काढला. स्टेफाला वाटलं, केक. रुमालात एक ब्रोच होता. पोर्सेलीनची चकती, पण हिच्यात त्यानं भट्टीच्या आधी निळ्या रंगाचा एक थेंब सोडला होता, आणि समोरची बाजू अशी घासली होती की स्टेफाला तिच्यात आपली टोपी दिसली, टोपीमागचं आकाश दिसलं.

तिनं ती उलटी केली. मागं पिन चिकटवलेली होती. पिनेच्या भोवतीनं तिनं अंगठा फिरवला.

"मागची बाजू घासायची राहिली, सिगी."

"राहिली नाही," सिगी म्हणाला. "ती घासत नसतात."

स्टेफानं ब्रोच कोटाला लावला, ओढून बघितला. हलला नाही. ती हसली, तोंडावर हात न धरता. सिगीनं सवयीनं वाकून पाहिलं, पण त्यातला आपला दात कोणता हे त्याला काही ओळखता आलं नाही.